मखरामागे एलईडीचा नाचता पडदा : ॲपमध्ये झकास, भिंतीवर बोंब

अभ्या_मिरज | ३ ऑगस्ट, रात्री ११.४०

मंडळी, गणपती २७ ऑगस्टला, हातात साडेतीन आठवडे, आणि माझा पडदा रुसून बसलाय.

यंदा मखरामागे तयार माळा नकोत, स्वतः काहीतरी करू असं मुलीला कबूल करून बसलो. १६ बाय १६ ठिपक्यांची दोन लवचिक पॅनेलं आणली, शेजारी शेजारी चिकटवली. म्हणजे ३२ रकाने, १६ ओळी, ५१२ ठिपके. त्याला एक ईएसपी३२ बोर्ड (वायफायवाला लहानसा संगणकच), बोर्डावर डब्ल्यूएलईडी (दिवे चालवायचा प्रोग्रॅम) चढवलं, फोनवर त्याचंच ॲप. ॲपमध्ये रंगांचं चाक फिरवलं की पडद्याचा रंग फिरतो, शंभराच्या वर इफेक्ट आहेत. दहा मिनिटं मी आणि मुलगी दोघंही हवेत होतो.

मग तक्रारी सुरू.

एक. ॲपमध्ये चित्र नीट दिसतं, पडद्यावर ते खाटकाने तुकडे केल्यासारखं दिसतं. एक ओळ बरोबर, पुढची उलटी.

दोन. आधी उजेड फारच मिणमिणता होता. एका व्हिडिओत सांगितलं म्हणून सेटिंगमधली करंटची मर्यादा काढून टाकली. आता पांढरा रंग दिला की सुरुवातीला पांढरा, टोकाला गुलाबीसर, आणि दोन सेकंदांत बोर्ड स्वतःच बंद होऊन परत चालू. सध्या मोबाईलचा जुना चार्जर लावलाय, २ अँपिअरचा.

तीन. सरकत्या अक्षरांच्या इफेक्टमध्ये ‘मोरया’ लिहिलं. काळाकुट्ट पडदा. ‘MORYA’ मात्र लगेच धावायला लागतं. बाप्पाला इंग्रजीत हाक मारायची का आता?

कुणी केलंय का हे आधी?

उगाचच | ४ ऑगस्ट, सकाळी ७.१५

आमच्याकडे अजून ‘माळ लागली का? हो. कुठली? गेल्या वर्षीचीच’ एवढाच इफेक्ट आहे. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सोल्डरगन | ४ ऑगस्ट, सकाळी ९.०५

अभ्या, तिन्ही तक्रारी नेहमीच्या आहेत, घाबरू नका. तिसरीवर माझ्याकडे उत्तर नाही, पहिल्या दोनवर आहे.

पॅनेलच्या आत तार नागमोडी फिरलेली असते. पहिली ओळ डावीकडून उजवीकडे, दुसरी उजवीकडून डावीकडे, शेतात नांगर फिरतो तशी. ॲपला हे सांगावं लागतं. सेटिंगमध्ये टूडी म्हणून भाग आहे (०.१४ आवृत्तीपासून आला, त्याआधीची असेल तर बदला), तिथे दोन पॅनेल, प्रत्येक १६ बाय १६, आणि ‘सर्पेंटाइन’वर खूण. पहिला ठिपका कुठल्या कोपऱ्यात आहे तेही तिथेच द्यायचं. तो ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे लांबी (ठिपक्यांची संख्या) तात्पुरती १ करा, जो पेटेल तो पहिला.

आता करंट. या ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे आणि एक चिप असते (डब्ल्यूएस२८१२बी). पूर्ण पांढऱ्यावर एका ठिपक्याला साधारण ६० मिलिअँपिअर धरतात. ५१२ गुणिले ६० म्हणजे ३० अँपिअरच्या वर. तुमचा चार्जर २ चा. त्याने मान टाकली यात त्याचा दोष नाही.

आणि ती मर्यादा काढायला सांगणाऱ्या व्हिडिओवाल्याला पकडून आणा. ती मुळात ८५० मिलिअँपिअरला ठेवलेली असते, कारण बहुतेक लोक तुमच्यासारखीच सुरुवात चार्जरवर करतात. ती मर्यादा काढायची नसते, आपल्या सप्लायप्रमाणे वाढवायची असते. ५ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (घरची वीज ५ व्होल्टवर उतरवणारा सप्लाय) घ्या, मर्यादा ८००० टाका. डब्ल्यूएलईडी मागितलेल्या रंगांचा हिशेब करतं, मर्यादेपेक्षा जास्त भरलं तर आपोआप उजेड कमी करतं.

फेजन्यूट्रल | ४ ऑगस्ट, दुपारी १.३०

सोल्डरगन यांच्याशी सहमत. भर एवढीच घालतो की एसएमपीएस आणून ठेवला म्हणजे काम झालं नाही.

मी चाळीस वर्षं वायरमन. लोकांना वाटतं ५ व्होल्ट म्हणजे खेळणं, शॉक तर बसत नाही. अहो, शॉक बसत नाही, पण आग लागते. गरम व्होल्टेजमुळे होत नाही, करंटमुळे होतं. तुमच्या १० अँपिअरला घरातली अर्धा एमएमची बेल वायर लावली तर ती आधी मऊ होईल, मग वास येईल.

शिवाय टोकाला गुलाबी का झालं बघा. दीड एमएमची तांब्याची तार घेतली, सप्लाय दोन मीटर लांब ठेवला, जाऊन येऊन चार मीटर झाले. त्यातून १० अँपिअर गेले की जवळजवळ अर्धा व्होल्ट तारेतच उडतो. २३० मधून अर्धा गेला तर कुणाला कळतं? ५ मधून गेला की लगेच दिसतो. त्यात पॅनेलच्या आतले पट्टे तारेपेक्षा बारीक, तिथे आणखी उडतो. निळ्या आणि हिरव्या दिव्याला तीन व्होल्टच्या आसपास लागतात, लालला दोनच्या आसपास. म्हणजे उपासमारीत निळा-हिरवा आधी बसतो, लाल टिकून राहतो. म्हणून पांढऱ्याचा गुलाबी.

उपाय : सप्लाय पडद्याच्या जवळ ठेवा, अडीच एमएमची तार घ्या आणि पॅनेलला एकाच टोकाला नाही, मध्ये आणि शेवटीही प्लस-मायनस द्या. पॅनेलच्या पाठीमागे त्यासाठीच जादा तारा सोडलेल्या असतात, शोभेला नाहीत. एसएमपीएसला फेज-न्यूट्रलचे स्क्रू उघडे असतात, ते झाका. घरात लहान मूल आहे म्हणालात. अर्थिंग जोडलंच पाहिजे.

अभ्या_मिरज | ४ ऑगस्ट, रात्री १०.२०

काका, सोल्डरगन, दोघांचे आभार. सर्पेंटाइनवर खूण केली आणि इंद्रधनुष्य सरळ झालं! मुलगी अर्धा तास समोरून हलली नाही. एसएमपीएस उद्या आणतो.

बोर्डवाला_कोपू | ५ ऑगस्ट, दुपारी ४.४५

तिसऱ्या तक्रारीवर बोलतो, कारण त्याच्यावरच माझं पोट आहे. कोल्हापुरात दुकानांचे सरकते बोर्ड करतो.

आमच्याकडे पी१० लागतं. दोन ठिपक्यांत १० मिलिमीटर अंतर म्हणून पी१०. एक पट्टी ३२ बाय १६ ठिपक्यांची, ३२० बाय १६० मिलिमीटर. तुमच्या पडद्याइतकेच ठिपके. त्याला कंट्रोल कार्ड, कार्डाला वायफाय, फोनवर ॲप. दुकानदाराला मी तेच शिकवून येतो : ‘मजकूर लिहा, पाठवा दाबा.’ पहिल्या दिवशी शिकतो, तिसऱ्या दिवशी फोन येतो.

मराठीचं असं आहे. काही ॲपं अक्षरांचं चित्र फोनमध्येच तयार करून कार्डाला चित्र पाठवतात. फोनला मराठी येतं, म्हणून जोडाक्षर बरोबर उमटतं. जिथे कार्डच स्वतःच्या पोटातल्या फॉन्टने अक्षर काढतं तिथे मराठीची वाट लागते. ‘किराणा’ला आधी क, मग पुढे लोंबकळणारी वेलांटी. ‘स्वस्त’चं स् व स् त. जुन्या कार्डांवर मी असे बोर्ड उतरवून परत लावलेत, पदरचे पैसे घालून. तुमच्या डब्ल्यूएलईडीचंही तेच असणार, त्याच्या सरकत्या अक्षरात इंग्रजी ठिपकेच भरलेत.

बरं, फोनने चित्र करून पाठवलं तरी बारीक फॉन्ट चालत नाही. १६ ओळींत वर मात्रा, मध्ये अक्षर, खाली उकार. नेहमीचा फॉन्ट तेवढा लहान केला की शिरोरेषा राहते आणि अक्षर जातं. आम्ही जाड फॉन्ट घेतो, तरी ‘र्ती’ला घाम फुटतो.

जाता जाता : फोटोत बोर्डावर काळे पट्टे येतात ते बोर्ड खराब म्हणून नाही. पी१०च्या सगळ्या ओळी एका वेळी पेटत नाहीत, पाळीपाळीने पेटतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. हे गिऱ्हाइकाला पटवताना माझे निम्मे केस गेले.

दोसुती | ५ ऑगस्ट, रात्री ९.१०

मला करंटमधलं काही कळत नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही. मी दोसुतीवर भरतकाम करते. आलेखाच्या कागदावर नाव काढायचं आणि चौकट मोजून टाका घालायचा, हेच तर आहे तुमचं. फॉन्टला विचारताच कशाला? हाताने काढा की.

१६ ओळींची वाटणी मी अशी करते : वरच्या चार ओळी मात्रा-वेलांटीला, मग शिरोरेषा धरून नऊ ओळी अक्षराला, खालच्या तीन उकाराला. ‘मोरया’त उकार नाही, म्हणजे खालच्या तीन मोकळ्या, तिथे हवं तर वेल काढा. रुंदीत म ७ रकाने, काना २, र ५, य ७, काना २. मध्ये एकेक रकाना सोडला (शिरोरेषा मात्र सलग) की २७ होतात. ३२ पैकी ५ उरतात, ते दोन्ही बाजूंना वाटून टाका.

हा घ्या म :

●●●●●●●
○●○○○●○
○●○○○●○
○●○○○●○
○●○○○●○
●●●●●●○
●●○○○●○
○○○○○●○
○○○○○●○

म-ची गाठ पोकळ काढायला जाऊ नका, तेवढी जागाच नाही. दोन बाय दोन भरीव ठेवा, डोळा आपोआप गाठ समजतो. आणि वरची रेघ तुटू देऊ नका. डाव्या दांडीनंतर एक चौकट जरी सुटली तरी म-चा भ होतो. मी एकदा जावेच्या डोहाळजेवणाला ‘मनीषा’ऐवजी ‘भनीषा’ भरून बसले होते.

‘मंगलमूर्ती’च्या वाटेला जाऊ नका. मू-ला खाली ऊकार, ती-वर वेलांटी आणि तिच्या डोक्यावर रफार, चार ओळींत दोघं भांडतात.

अभ्या_मिरज | ५ ऑगस्ट, रात्री ९.५०

ताई, _/\\_ ! हा म मी आत्ता छापून भिंतीला लावतोय.

उगाचच | ५ ऑगस्ट, रात्री १०.०२

‘गणपती बाप्पा भोरया’. शिरोरेषेला जपा हो अभ्याराव, गावभर व्हाल.

एडिसनकर | ६ ऑगस्ट, सकाळी ६.३०

इथे न्यू जर्सीत हे वेड वेगळ्याच पातळीवर आहे. ख्रिसमसला लोक अख्खं घर ठिपक्यांनी मढवतात, गाण्यावर बसवतात, गाणं लहानशा एफएम ट्रान्समीटरवर सोडतात आणि बघणारे गाडीत बसून रेडिओ लावून ऐकतात. त्यासाठी संगणकावर एक्सलाइट्स नावाचा फुकटचा प्रोग्रॅम वापरतात. मी दिवाळीला चढवतो आणि जानेवारीत उतरवतो, शेजाऱ्यांना वाटतं मी फारच लवकर ख्रिसमस सुरू केला.

अभ्या, तुम्हाला त्याची गरज नाही. गाण्यावर बसवायचं असेल तर संगणकातून सतत डेटा सोडावा लागतो, आणि डेटा पाठवायच्या जुन्या पद्धतीत एका ‘युनिव्हर्स’मध्ये (डेटाच्या एका गठ्ठ्यात) १७० ठिपके मावतात. तुमचे ५१२. तीन भरून दोन उरतात, त्या दोघांसाठी चौथं उघडायचं! त्यापेक्षा चित्रं बोर्डातच साठवा. कशी ते लिहितो.

प्रत्येक चित्र एक ‘प्रीसेट’ म्हणून जतन होतं. ठिपक्यांचं लहानसं चित्र (३२ बाय १६ चं पीएनजी) देऊन त्याचा प्रीसेट बनवायचं साधन डब्ल्यूएलईडीच्या पानांतच आहे. म्हणजे ताईंचा आलेख फोनवरच्या कुठल्याही पिक्सेल आर्ट ॲपमध्ये भरा, एक चौकट म्हणजे एक पिक्सेल, आणि ते चित्र तिथे चढवा. मग ‘प्लेलिस्ट’ : हा प्रीसेट इतके सेकंद, मग तो, मग तो, पुन्हा पहिल्यापासून. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बोर्ड चालू होताना कुठला प्रीसेट लावायचा तो क्रमांक देऊन ठेवा. नंतर फोन खिशात, फोन घरी, फोन पाण्यात पडला तरी चालेल. लाइट जाऊन आली तरी पडदा आपला आपण सुरू होतो.

अभ्या_मिरज | १० ऑगस्ट, रात्री ११.१५

रविवार अख्खा यात गेला. नवा एसएमपीएस लावला, अडीच एमएमची तार, तीन ठिकाणी सप्लाय. पांढरा आता टोकापर्यंत पांढरा आहे. काका, तुमच्या पाया पडतो.

नवीन दुखणं : मधूनच एखादा ठिपका नको त्या रंगात चमकतो. स्थिर चित्रातही. पाल शेपटी हलवते तसं काहीतरी होतं आणि थांबतं.

दुसरं, फोन. पडदा बैठकीत, राउटर आतल्या खोलीत. बोर्डाला राउटर सापडत नाही म्हणून तो स्वतःचं वायफाय उघडतो. फोन त्याला जोडला की दोन मिनिटांत ‘इथे इंटरनेट नाही’ म्हणत आपणहून मोबाईल डेटावर जातो आणि ॲप ‘बोर्ड सापडत नाही’ म्हणतं.

सोल्डरगन | ११ ऑगस्ट, सकाळी ८.४०

दुसरं आधी. त्या वेळापुरता मोबाईल डेटा बंद करा, ‘तरीही जोडलेलं राहू दे’ असं विचारलं तर हो म्हणा, आणि ॲपऐवजी ब्राउझरमध्ये ४.३.२.१ हा पत्ता टाका. ॲपही आतून तेच पान दाखवतं. राउटरला जोडताना एक लक्षात ठेवा, हा बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ओळखतो. तुमचा राउटर ५ वर असेल तर खोलीत शेजारी ठेवूनही सापडणार नाही. आणि बोर्डाच्या वायफायचा पासवर्ड wled1234 असतो तो बदला, तो जगाला माहीत आहे.

आता पालीची शेपटी. दोन कारणं असतात. पहिलं, बोर्डाचा मायनस आणि पडद्याचा मायनस एकमेकांना जोडलेत का? वेगळे सप्लाय असतील तर लोक हेच विसरतात. दुसरं, ठिपके ५ व्होल्टवर चालतात आणि सिग्नल ‘आहे’ असं मानायला त्यांना त्याच्या ०.७ पट, म्हणजे ३.५ व्होल्ट लागतात. तुमचा बोर्ड ३.३ देतो. काठावर पास, कधी नापास. आणि डेटा इतका घाईत जातो, एका ठिपक्याचे २४ बिट ३० मायक्रोसेकंदांत, की एखादा बिट चुकला की रंग बदललाच.

नीट उपाय म्हणजे ७४एएचसीटी१२५ चिप (सिग्नल ३.३ वरून ५ व्होल्टवर चढवणारी) मध्ये घालणे. मिळाली नाही तर जुगाड : त्याच जातीच्या पट्टीतून एक सुटा ठिपका कापा, पडद्याच्या आधी लावा, आणि त्याचा प्लस १एन४००७ डायोडमधून द्या. डायोड ०.७ खातो, त्या ठिपक्याला ४.३ मिळतात, त्याची अट उतरते ३ वर, ३.३ आरामात पास. तो पुढे जो सिग्नल देतो तो ४.३ चा, पडदा खूश. ॲपमध्ये एक ठिपका सोडून सुरुवात करायला सांगा. डेटाच्या तारेत सुरुवातीला ३३० ओहमचा रेझिस्टरही टाका.

फेजन्यूट्रल | ११ ऑगस्ट, दुपारी २.००

दलाल ठेवला म्हणा की मध्ये.

आमच्या काळी हे सगळं लाकडी ड्रमवर व्हायचं. ड्रमला तांब्याच्या पट्ट्या ठोकायच्या, वर ब्रश टेकवायचे, मोटर ड्रम फिरवायची. पट्टी ब्रशखाली आली की त्या सर्किटचे बल्ब पेटायचे. पाणी वाहताना दाखवायचं, घोडा पळवायचा, सगळं त्या पट्ट्यांच्या मापावर. बंगालात चंदननगरचे कारागीर याच रोलरवर जगद्धात्री पूजेची लायटिंग करून नावारूपाला आले. आमच्या मंडळात मी रात्रभर ड्रमजवळ बसायचो, ठिणग्या उडून पट्टी काळी पडली की पॉलिश पेपरने घासायची. घोड्याचा तिसरा पाय पेटेना म्हणून एकदा विसर्जनाची मिरवणूक अडवून धरली होती. नंतर ५५५ आणि ४०१७ या चिपांचे चेसर (दिवे एकामागून एक पळवणारी सर्किटं) आले, ड्रम माळ्यावर गेला.

अभ्या, तुमची प्लेलिस्ट म्हणजे आमचा ड्रमच आहे. फरक इतकाच की पट्टी चुकली तर तुम्ही बोटाने सरकवता, आम्ही पक्कड घेऊन उखडायचो.

पाचवा_मजला | १२ ऑगस्ट, रात्री ८.३०

या निमित्ताने आमचा अनुभव. आम्ही डोकं न लावता तयार पडदा आणला, २० बाय २० ठिपक्यांचा, ब्लूटूथवर चालणारा. ॲपमध्ये बोटाने चित्र काढायचं की पडद्यावर उमटतं. पोरं खूश. गेल्या वर्षी ऐन आरतीच्या वेळी, ‘दर्शनमात्रे’ म्हणत असताना, बाप्पांच्या मागे नाचणारा हिरवा सांगाडा. सासूबाईंनी टाळ्या थांबवल्या.

त्या ॲपला पासवर्ड ही भानगडच नव्हती. खालच्या मजल्यावरच्या पोराने तेच ॲप उतरवलं, यादीत पडदा दिसला, टिचकी मारली, जोडला गेला. बनवणाऱ्याला ईमेल केली, उत्तर नाही. तेव्हापासून आमचा नियम : एक फोन आरती संपेपर्यंत जोडलेलाच ठेवायचा, कारण एका वेळी एकच जोडला जातो. त्यामुळे आरतीत एक माणूस टाळ्या न वाजवता फोन धरून उभा असतो.

उगाचच | १२ ऑगस्ट, रात्री ८.४१

सांगाडा शिवगण असेल हो. शिवाचंच घर आहे.

बोर्डवाला_कोपू | १३ ऑगस्ट, सकाळी ११.२०

हसू नका. एका दुकानाच्या बोर्डाचं वायफाय मी कारखान्याच्या पासवर्डवर सोडून आलो होतो. समोरच्या स्पर्धकाने रात्री ‘दुकान कायमचे बंद’ चालवलं. तेव्हापासून पासवर्ड बदलल्याशिवाय शिडीवरून उतरत नाही.

अभ्या_मिरज | १७ ऑगस्ट, रात्री १२.०५

दलाल ठिपका बसवला, पाल पळाली.

ताईंच्या आलेखावरून चार चित्रं केली : म, मो, मोर, मोरया. प्रत्येकी दीड सेकंद, शेवटचं सहा सेकंद. पहिल्यांदा चालवलं तेव्हा मुलगी टुणकन उडी मारून म्हणाली, ‘बाबा, मोर!’ मी आठवडाभर हा आलेख बघतोय, माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आता हट्ट असा की ‘मोर’ आला की खरा मोर दिसला पाहिजे. १६ ओळींत पिसारा कसा मावायचा?

दोसुती | १७ ऑगस्ट, सकाळी १०.३०

पिसारा वर उभा करू नका, मागे लोळता दाखवा. ३२ रकाने आडवे आहेत ना, त्यांचा फायदा घ्या. पैठणीच्या पदरावर मोर बसतो तसा. मान निळी, दोन रकाने जाड, डोक्यावर तीन ठिपक्यांचा तुरा. पिसाऱ्यात हिरव्यावर एक सोडून एक सोनेरी ठिपका, बास. पाय काढूच नका.

रंग मात्र तुम्ही पडद्यावर बघूनच ठरवा. रेशमात मी गडद हिरवा लावते तो काळ्या दोसुतीवर उठतो. दिव्यात गडद हिरवा म्हणजे नुसता कमी उजेड, असं मला वाटतं. बरोबर का?

सोल्डरगन | १७ ऑगस्ट, सकाळी ११.१५

अगदी बरोबर. पडद्यावर काळा म्हणजे बंद, आणि तपकिरी, करडा हे रंग जवळजवळ नाहीतच, ते मंद केशरी आणि मंद पांढरा होऊन बसतात. फोनच्या स्क्रीनवर चाळीस छटा दिसल्या तरी इथे सात-आठ ठळक रंगांत काम करा. उजेड २५५ पैकी ८०-९० च्या वर नेऊ नका. बैठकीतल्या अंधारात त्याहून जास्त डोळ्यांत घुसतो, मूर्ती दिसेनाशी होते. समोर ट्रेसिंग पेपर किंवा पातळ पांढरं कापड चार-पाच सेंटीमीटरवर ताणा, ठिपके एकमेकांत विरघळतात.

करंटही बघा किती उतरला : ‘मोरया’त साधारण १०० ठिपके पेटतात. केशरीत लाल पूर्ण आणि हिरवा थोडा, ठिपक्याला २६ मिलिअँपिअर धरा. अडीच अँपिअरच्या जरा वर, तेही पूर्ण उजेडावर. पांढऱ्या पडद्याचे ३० आणि हे अडीच!

अभ्या_मिरज | २४ ऑगस्ट, रात्री १०.४५

रंगीत तालीम झाली. मोर झाला, पाय न काढता. समईच्या जागी दोन लहान पट्ट्या उभ्या लावून त्यावर ‘कँडल’ इफेक्ट टाकला होता, पण आईने एका नजरेत तो काढायला लावला. ‘समई तेलाचीच.’ विषय संपला.

मखर पुठ्ठ्याचं आणि कापडाचं. थर्माकोल २०१८ पासून बंद, आणि तसंही दिव्यांमागे नकोच होता. काका, एसएमपीएस पुठ्ठ्याला न टेकवता स्टूलवर ठेवलाय, वर-खाली हवा मोकळी, स्क्रूंवर झाकण.

अभ्या_मिरज | २७ ऑगस्ट, दुपारी ४.१०

बाप्पा आले! पडदा सकाळपासून चालू, फोनला हातही लावलेला नाही. एकदा लाइट गेली, आली, पडद्याने स्वतःच म-पासून सुरुवात केली. फोटो टाकतोय.

एडिसनकर | २७ ऑगस्ट, संध्याकाळी ६.५५

मोर फारच देखणा! दिवाळीला मला ती चित्रं हवीत. प्रीसेटची फाईल सेटिंगमधून उतरवून घेता येते, पाठवा.

दोसुती | २७ ऑगस्ट, रात्री ८.२०

सुरेख झालंय. पण मला राहवत नाही. शेवटच्या काना-वर शिरोरेषेत एक ठिपका हिरवा दिसतोय. बाकी रेघ केशरी. माझ्या आलेखात तसा नव्हता.

अभ्या_मिरज | २७ ऑगस्ट, रात्री ८.४५

ताई, तुमच्या नजरेपुढे हात टेकले. त्या ठिपक्यातला लाल दिवा आज सकाळीच गेला. केशरीतून लाल वजा केला की हिरवा उरतो. पुढचे सगळे चालू आहेत, म्हणजे चिप जिवंत आहे. पण बदलायचा तर अख्खा पडदा मखरातून सोडवून सोल्डर करावा लागेल. नशीब म-वर नाही आला.

उगाचच | २७ ऑगस्ट, रात्री ८.५१

राहू द्या तसाच. तीट लावलीय समजा.

फेजन्यूट्रल | २७ ऑगस्ट, रात्री ९.३०

विसर्जनानंतर बदला, घाई नाही. आणि रात्री झोपताना फोनवरून नुसता बंद करू नका. ठिपके काळे दिसतात, पण आतल्या चिपा जाग्याच असतात, पाचशेच्या मिळून अर्धा अँपिअरपर्यंत खात बसतात आणि एसएमपीएस गरम राहतो. भिंतीवरचं बटण बंद करा. सकाळी आरतीच्या आधी चालू केलं की म-पासून येईलच.